मुंबई ते येनान : एका वैद्यकीय पथकाचा प्रवास

जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळील लुकोच्याव पुलाशी जपानी व चिनी सैन्यांत चकमक झाली आणि तिचे लवकरच सर्वंकष युद्धात रूपांतर झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून शस्त्रवैद्य, औषधे व शस्त्रक्रियेची उपकरणे यांची मागणी केली. चीनमध्ये जखमी सैनिकांची संख्या प्रचंड होती. त्यांच्यावर शास्त्रोक्त उपचार करू शकतील असे डॉक्टर मात्र फारच थोडे होते.

ही मागणी ज्यांच्याकडे करण्यात आली, ते स्वतः पारतंत्र्यात होते. राष्ट्रसभेजवळ ना राजकोष होता, ना परराष्ट्र खाते. तरीही १९३८ मध्ये अध्यक्षपदी असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, ठिकठिकाणी चीन-दिन पाळण्यात आले आणि जमलेल्या वर्गणीतून औषधे व एक रुग्णवाहिका यांची तरतूद झाली. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल पथकाचे प्रमुख झाले. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी असेच काम केले होते. नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर हे पथकातील ज्येष्ठ सदस्य. कलकत्त्याहून डॉ. देवेश मुखर्जी आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेल्या या तरुणापुढे पुढील शिक्षणाचा व स्थिर व्यवसायाचा मार्ग मोकळा होता. पाचव्या जागेसाठी निवडलेल्या डॉक्टरांना ब्रिटिश सरकारने पारपत्र नाकारले, तेव्हा कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू त्यांच्या जागी निघाले. सेवेची मुदत साधारण एक वर्षाची ठरली होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने पथकाने मुंबई सोडली. पूर्वेकडे जाणाऱ्या बोटींचा मार्ग कोलंबो, पिनांग, सिंगापूर व हाँगकाँग असा ठरलेला होता, आणि सागरी प्रवासाचा हा भाग त्या मानाने सुखाचाच म्हणावा लागेल. खरी अडचण चीनच्या उंबरठ्यावर होती. शांघाय नोव्हेंबर १९३७ मध्ये आणि नानकिंग डिसेंबरमध्ये जपान्यांच्या ताब्यात गेले होते. म्हणजे यांगत्से नदीच्या मुखातून आत शिरण्याची वाट बंद झालेली होती. दक्षिणेकडील कॅन्टन हे द्वार तेवढे उघडे राहिले होते. पथक तेथे १७ सप्टेंबरला पोहोचले. सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. त्यानंतर केवळ चौतीस दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, कॅन्टनही पडले. मुंबईहून निघायला आणखी पाच आठवड्यांचा विलंब झाला असता, तर या वाटेने चीनमध्ये शिरणे त्यांना शक्यच झाले नसते.

पुढचा सारा प्रवास माघार घेणाऱ्या देशातून होता. कॅन्टनहून उत्तरेस चांगशामार्गे पथक सप्टेंबरअखेर हान्कोला पोहोचले आणि तेथील रुग्णालयांत त्यांनी कामाला आरंभ केला. परंतु ऑक्टोबर संपण्यापूर्वीच हान्को शत्रूच्या हाती जाणार हे स्पष्ट झाले होते. जखमी, निर्वासित, कार्यालयांची दप्तरे, कारखान्यांची उखडलेली यंत्रे हे सर्व यांगत्सेवरून पश्चिमेकडे चालले होते, आणि त्याच ओघात हे पाच डॉक्टरही ईचांगला आले. ईचांगच्या पुढे नदी उंच कड्यांच्या अरुंद घळींत शिरते. त्या काळी प्रवाह अतिशय वेगवान असल्याने खालच्या पात्रात चालणाऱ्या मोठ्या बोटी तेथून पुढे जाऊ शकत नसत. प्रत्येक माणसाला व प्रत्येक पेटीला येथे बोट बदलावी लागे. त्यामुळे त्या शरद ऋतूत ईचांगच्या काठावर माणसे व माल यांची विलक्षण दाटी झाली होती. येथेही पथकाने थांबावे लागले तेवढे दिवस रुग्ण तपासले आणि मग घळींतून वर चढत चुंकिंग ही युद्धकालीन राजधानी गाठली.

चुंकिंगमधील मुक्काम लांबला. शांतिनिकेतनातील चीन भवनाचे प्रमुख प्राध्यापक तान युन-शान यांनी तेथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर होते. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. पुढे चीनमधील लोकांनी त्यांना याच नावाने ओळखले.

येथेच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी मोठे कुटुंब होते. परत जाण्याची मोकळीक त्यांना होती आणि तसे सुचविण्यातही आले. एक वर्षासाठी आलेल्या स्वयंसेवकाने अशा प्रसंगी घराकडे वळणे कोणालाही गैर वाटले नसते. शिवाय ज्यांच्यासाठी आपण आलो त्या आघाडीपर्यंत ते अद्याप पोहोचलेही नव्हते. कोटणीसांनी पुढे जाण्याचे ठरविले. त्या निर्णयाची किंमत दूर सोलापुरात त्यांच्या माणसांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

२२ जानेवारी १९३९ रोजी पथकाने चुंकिंग सोडले. भर हिवाळ्यात चिनलिंग पर्वत ओलांडून, सिआनमार्गे, १२ फेब्रुवारीला ते येनानला पोहोचले. मुंबई सोडून १६४ दिवस झाले होते. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत खोदलेल्या गुहा हेच तेथील घर, शाळा व रुग्णालय होते, कारण उघड्यावरील इमारतींवर बॉम्ब पडत.

या १६४ दिवसांना केवळ पूर्वतयारी समजणे चुकीचे ठरेल. बोटीवर चढले तेव्हा हे पाच जण एका परक्या देशाला मदत करण्यास निघालेले डॉक्टर होते. वाटेत त्यांनी दोन महानगरांतून शत्रू येण्यापूर्वी पाय काढला. जेथे उपचार केले ती ठिकाणे पाठोपाठ पडताना ऐकली. मोडकी का होईना, भाषा शिकायला सुरुवात केली. कोठे औषध मिळत नाही, जखमी माणूस किती दिवसांनी डॉक्टरपर्यंत पोहोचतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्यांनी स्वतः तीच वाट तुडविली होती.

प्रत्येकाचा पुढील मार्ग निराळा झाला. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच परतले, तर अटल १९४० मध्ये. त्यांनी शब्द मोडला असे नव्हे. वय, प्रकृती आणि ठरलेली मुदत यांचेही बंधन असतेच. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस आघाडीमागील डोंगराळ प्रदेशात गेले, चिनी भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४१ च्या आरंभी बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका क्वो चिंग-लान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला आणि ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. हपै प्रांतातील शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

या वाटेवरून एक गोष्ट उलट दिशेनेही आली. डॉ. बसू १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ते या वेळी शिकण्यासाठी. तेथे त्यांनी सुया टोचून उपचार करण्याची प्राचीन चिनी पद्धती आत्मसात केली आणि कलकत्त्यास परतल्यावर ते त्या पद्धतीने रुग्णांवर उपचार करू लागले.