तबेल्यातली काडतुसे, खाडीतल्या नळ्या

समुद्रकाठी धातू खराब झाला की आपण खाऱ्या हवेला दोष देतो. माझ्या वाचनात मात्र दुसरा एक गुन्हेगार वारंवार येत गेला: जनावरांचे शेण-मूत.

त्याचा ठळक पुरावा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्करी तबेल्यांत मिळतो. एकोणिसाव्या शतकात तिथे साठवलेली पितळी काडतुसे ऐन पावसाळ्यात आपोआप तडकत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे कोडे उलगडले. घोड्यांच्या मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. दमट हवेत तो पितळेवर बसतो. पत्रा ओढून काडतूस घडवताना धातूत ताण राहिलेला असतो; ताण आणि अमोनिया मिळून चीर पाडतात. घडणीनंतर मंद आचेवर शेकून ताण काढला की तडकणे थांबते.

खाडीत हीच घाण वेगळ्या मार्गाने काम करते. मिठी नदीतून तबेल्यांचे शेण आणि शहराचे सांडपाणी माहीमच्या खाडीत येते. ते खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू जोर धरतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. त्यावर जगत ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काळा चिखल आणि कुजक्या अंड्यांचा वास ही त्याचीच खूण.

बोटींत, जहाजांत समुद्राचे पाणी खेळवायला तांबे-निकेलच्या नळ्या वापरतात. स्वच्छ समुद्रपाण्यात त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो. हीच त्यांची कल्हई. सल्फाइड असले की तिच्या जागी काळा, भुसभुशीत थर येतो. खरे नुकसान आळीपाळीने होते: ओहोटीला सडके पाणी, भरतीला प्राणवायूने भरलेले. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकावी, तशी नळी आतून झिजते आणि तिला भोके पडतात.

म्हणून नवी नळी सुरुवातीला काही आठवडे स्वच्छ समुद्रपाण्यावर चालवावी, म्हणजे थर पक्का होतो. बोट बंदरात उभी राहणार असेल तर घाण पाणी नळीत कोंडून ठेवू नये. ते काढून गोड्या पाण्याने धुवावे.

तबेल्याच्या नाल्याचा प्रश्न आपण आरोग्यखात्याकडे सोपवतो. पण नळी फुटून इंजिन भर समुद्रात तापते, तेव्हा त्याची किंमत बोटीवरची माणसे मोजतात.