कुत्र्याचे गुरगुरणे : खोड नव्हे, इशारा

जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले की घरचा कुत्रा गुरगुरतो. पाहुण्यांदेखत असे घडले तर मालकाला ओशाळल्यासारखे होते. मग कुत्र्याला दरडावले जाते, प्रसंगी फटकाही बसतो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक मात्र या गुरगुरण्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. त्यांच्या मते हा चावा टाळण्याचा प्रयत्न असतो. 'थोडे दूर राहा', एवढेच कुत्र्याला सांगायचे असते. शिक्षेच्या धाकाने तो गुरगुरणे सोडू शकतो, परंतु त्यामागील भीती तशीच राहते आणि पुढील वेळी कोणतीही सूचना न देता तो चावण्याची शक्यता वाढते. 'काही कारण नसताना चावला' या तक्रारीमागे पुष्कळदा हाच इतिहास असतो.

गुरगुरण्यापूर्वीही कुत्रा बरेच काही सांगत असतो. मान दुसरीकडे वळवणे, समोर खाद्य नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ करून निश्चल होणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. लहान मूल कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारते, घरातील मंडळी कौतुकाने छायाचित्र टिपतात आणि त्या छायाचित्रात ही लक्षणे स्पष्ट दिसत असूनही कोणाच्या ध्यानात येत नाहीत. लहान मुलाला कुत्र्याजवळ, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो, एकटे सोडू नये.

शेपूट हलणे म्हणजे आनंद, हा समजही अपुरा आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मालक दिसताच कुत्र्यांची शेपूट उजवीकडे अधिक झुकत होती, तर अनोळखी, वरचढ कुत्रा समोर येताच ती डावीकडे अधिक जात होती.

कुत्र्यावर वर्चस्व गाजवले पाहिजे, ही धारणा लांडग्यांच्या जुन्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये नोंदवलेली निरीक्षणे बंदिस्त लांडग्यांची होती. रानातील कळप बहुधा आईवडील आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते, असे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. तरीही कुत्र्याला उताणे दाबून धरण्याचा सल्ला आजही दिला जातो. तो धोकादायक आहे.

याऐवजी करण्याजोगा उपाय साधा आहे. भांडे हिसकावून घेऊ नये. कुत्रा अस्वस्थ होणार नाही इतक्या अंतरावरून जाताना त्याच्याकडे एखादा अधिक रुचकर घास टाकावा. माणूस जवळ आला की काही जाते, असे नव्हे तर काही मिळते, हे त्याला कळू लागले की अंतर हळूहळू कमी करता येते. कुत्रा पूर्वी चावलेला असल्यास मात्र हा प्रयोग घरच्या घरी न करता जाणकारांचे साहाय्य घ्यावे.

पिलांनी चपला कुरतडणे हे तर वयाचेच लक्षण. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात साधारणतः सहा-सात महिन्यांपर्यंत येतात. तोवर चावण्याजोगी खेळणी द्यावीत. नंतर ओरडण्याचा उपयोग नाही. मालकाच्या रागावण्याने कुत्र्याचा चेहरा 'अपराधी' होतो, चूक केलेली असो वा नसो, असे अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात आढळले.

स्वभावातील अचानक बदल मात्र निराळा. शांत कुत्रा स्पर्श करताच गुरगुरू लागला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असू शकतात, पशुवैद्यकाला दाखवावे. वागण्यातील बदलासोबत लाळ गळणे, गिळता न येणे, खालचा जबडा लोंबणे अशी लक्षणे दिसल्यास रेबीजची शंका घ्यावी आणि त्याच्या जवळ जाऊ नये. कोणताही कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना वा मिरची लावण्यात वेळ दवडू नये.