पाटी तीच, दुकान वेगळे
अमेरिकेतील ‘कॅबेलाज’च्या विक्रीने क्रीडासाहित्याच्या दुकानांत आणि एका छोट्या गावात काय बदलले?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाला सिडनी नावाचे गाव आहे. ऑस्ट्रेलियातील महानगराशी त्याचे साम्य केवळ नावापुरतेच. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ६,७५७ होती आणि त्या काळात सुमारे दोन हजार जण एकाच कंपनीत नोकरीला होते. मासेमारी, शिकार आणि रानातील मुक्कामासाठी लागणारे साहित्य विकणारी ‘कॅबेलाज’ ही ती कंपनी. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिची मालकी ‘बास प्रो शॉप्स’ या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेली. दुकानांवरच्या पाट्या कायम राहिल्या. सिडनीतील दुकानही सुरू राहिले. मात्र, गावाला पोसणारे मुख्यालय गेले.

गेल्या दशकभरात उत्तर अमेरिकेतील अशा अनेक दुकानांची मालकी बदलली आहे. मालक बदलला तरी नाव सहसा बदलत नाही, कारण खरेदीदाराने सर्वाधिक किंमत त्या नावासाठीच मोजलेली असते. त्यामुळे ग्राहकाला पहिल्या भेटीत काहीच वेगळे जाणवत नाही. प्रत्यक्षात मालाची निवड, नोकरांची संख्या, सवलतीचे नियम आणि नफ्याचा हिशेब या साऱ्या गोष्टींचे निर्णय दुसऱ्याच गावी होऊ लागलेले असतात.

स्वयंपाकघरातून शेअर बाजारात

कॅबेलाजची सुरुवात १९६१ मध्ये झाली. चॅपेल या गावात फर्निचरचे कौटुंबिक दुकान सांभाळणाऱ्या डिक कॅबेला यांनी शिकागो येथील एका प्रदर्शनातून ४५ डॉलरच्या कृत्रिम माश्या विकत आणल्या. गळाला लावण्यासाठी हाताने बांधलेल्या या माश्या एका डॉलरला बारा, अशी जाहिरात त्यांनी शेजारच्या वायोमिंग राज्यातील वृत्तपत्रात दिली. तिला अवघे एक उत्तर आले. मग त्यांनी मजकूर बदलला. पाच माश्या फुकट, फक्त टपाल व हाताळणीचे २५ सेंट पाठवा, अशी जाहिरात देशभर जाणाऱ्या मासिकांतून झळकली आणि मागण्यांचा ओघ सुरू झाला. प्रत्येक पाकिटासोबत इतर वस्तूंची यादी जाऊ लागली. पत्नी मेरी स्वयंपाकघरातील टेबलावर ग्राहकांची नावे नोंदवीत असत. पुढे धाकटे बंधू जिम व्यवसायात आले आणि १९६९ मध्ये कंपनी सिडनीला हलली.

टपालाने चालणाऱ्या या व्यवसायाने नंतर भव्य दुकाने उभारली. भुसा भरलेले प्राणी, कृत्रिम डोंगर, माशांचे हौद असा थाट असलेली ही दुकाने सहकुटुंब सहलीची ठिकाणे बनली. २००१ मध्ये कंपनीने स्वतःची बँक काढून क्रेडिट कार्डे वाटण्यास प्रारंभ केला. २००४ मध्ये तिचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदले गेले. भांडवल मिळाले, त्याबरोबर दर तीन महिन्यांनी नफ्याचा हिशेब मागणारे भागधारकही आले.

दुसरीकडे, मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जॉनी मॉरिस या तरुणाने १९७२ मध्ये वडिलांच्या मद्यविक्रीच्या दुकानातील एका कोपऱ्यात मासेमारीचे साहित्य मांडले होते. तेच पुढे ‘बास प्रो शॉप्स’ झाले. मॉरिस यांनी कंपनी कधीही शेअर बाजारात नेली नाही. दोन्ही कंपन्यांचा ग्राहक एकच होता आणि दुकानांचा थाटही सारखाच. फरक मालकीच्या स्वरूपात होता आणि पुढच्या घडामोडींत तोच निर्णायक ठरला.

विक्रीची वेळ का आली?

कॅबेलाज दिवाळखोरीत निघाली नव्हती. २०१३ मध्ये बंदुका व काडतुसांच्या मागणीत आलेली उसळी ओसरल्यावर जुन्या दुकानांतील विक्री घटू लागली होती, तरी कंपनी नफ्यात होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘एलियट मॅनेजमेंट’ या गुंतवणूक निधीने कंपनीतील अकरा टक्क्यांहून अधिक हिस्सा आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. असे निधी भाव उतरलेल्या कंपनीचे समभाग घेतात आणि संचालक मंडळावर बदलांसाठी दबाव आणतात. कंपनी विकण्याची मागणी हा त्यातील नेहमीचा मार्ग. त्याच वर्षाअखेर कॅबेलाजने विक्रीसह सर्व पर्याय तपासण्याची घोषणा केली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये बास प्रोने प्रत्येक समभागाला ६५.५० डॉलर देऊ केले. एकूण व्यवहार साडेपाच अब्ज डॉलरच्या घरातला होता. मात्र, कॅबेलाजची बँक घेणाऱ्या ‘कॅपिटल वन’ला नियामकांची मंजुरी वेळेत मिळेना. दरम्यान कॅबेलाजची विक्रीही घसरत राहिली. अखेर एप्रिल २०१७ मध्ये भाव ६१.५० डॉलरवर आणण्यात आला. बँकेच्या ठेवी ‘सिनोव्हस’ या बँकेकडे आणि कार्डांचा व्यवसाय कॅपिटल वनकडे, अशी नवी विभागणी झाली.

भागधारकांच्या दृष्टीने हा सौदा लाभाचा होता. कंपनी स्वतंत्र राहिली असती तर पुढील काळात काय झाले असते, याचे उत्तर कुणालाच देता येणार नाही. किरकोळ व्यापारातील बडी नावे त्या वर्षांत एकामागून एक कोसळत होती. क्रीडासाहित्य विकणारी ‘स्पोर्ट्स ऑथॉरिटी’ २०१६ मध्ये बंद पडली. शिकार व मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या ‘गँडर माउंटन’ने मार्च २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

पहिला घाव मुख्यालयावर

एकाच धंद्यातील दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा खर्चातील बचत हा सौद्याचा मुख्य आधार असतो. दोन हिशेब विभाग, दोन जाहिरात विभाग, दोन संगणक विभाग आणि माल निवडणारी दोन पथके यांची गरज उरत नाही. दुकाने ग्राहकांजवळच असावी लागतात, मुख्यालय मात्र एकच पुरते. खरेदीदाराचे मुख्यालय स्प्रिंगफील्डला असल्याने सिडनीतील कचेरीचे भवितव्य सौद्याच्या स्वरूपातच ठरलेले होते.

मोठ्या शहरात एक कचेरी बंद झाली तर नोकरदार दुसरीकडे काम शोधतात. सिडनीत तितक्या पगाराची दुसरी कचेरीच नव्हती. हिशेबनीस, चित्रकार, माल खरेदीचे तज्ज्ञ अशा लोकांपुढे गाव सोडणे किंवा कमी पगारावर राहणे, एवढेच पर्याय उरले. एकाच वेळी अनेक घरे विक्रीला निघाली की त्यांची किंमत उतरते आणि गाव सोडणाऱ्यालाही फटका बसतो. २०२० च्या जनगणनेत सिडनीची लोकसंख्या ६,४१० भरली. दहा वर्षांतील ही घट सुमारे पाच टक्क्यांची आहे. गाव ओस पडले नाही. काही माजी कर्मचाऱ्यांनी आपले अनुभव पणाला लावून तेथेच लहान उद्योगही सुरू केले. परंतु जनगणनेत माणसांची गणती होते. गेलेल्या पगारांची नोंद त्यात सापडत नाही.

फळीवरचे बदल

ग्राहकाला जाणवणारे बदल सावकाश येतात. कॅबेलाजच्या दुकानांत बास प्रोच्या समूहातील कारखान्यांच्या मासेमारी नौका दिसू लागल्या. कॅबेलाजच्या नावाचे कपडे व साहित्य बास प्रोच्या दुकानांत विकले जाऊ लागले. दोन्हीकडच्या सदस्य योजना एकत्र आल्या आणि एका दुकानातील खरेदीवर मिळालेले गुण दुसऱ्या दुकानात वापरण्याची सोय झाली. दोन्ही दुकानांत जाणाऱ्या ग्राहकाच्या हे पथ्यावरच पडले. तथापि, पूर्वी दोन दुकानांत फिरून भाव व माल यांची तुलना करणाऱ्याला आता दोन्हीकडे एकाच मालकाचा माल पाहावा लागतो.

यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. स्वतःच्या नावाने विकलेल्या वस्तूत दुसऱ्या नाममुद्रेचा वाटा द्यावा लागत नाही, म्हणून तिच्यावर नफा अधिक सुटतो. दोन साखळ्यांसाठी एकत्र मागणी नोंदवली की पुरवठादाराकडून सवलतही जास्त मिळते. त्यासाठी वस्तूंचे प्रकार कमी करून प्रत्येकाची संख्या वाढवावी लागते. याची झळ वर्षातून चार-दोनच खपणाऱ्या वस्तूंना बसते. एखाद्या विशिष्ट नदीतील माशासाठी लागणारा गळ किंवा क्वचित मागितले जाणारे मापाचे बूट हिशेबात तोट्याचे दिसतात. परंतु जाणता ग्राहक त्यांच्यासाठीच अशा दुकानात येत असतो. बाकीच्या वस्तू त्याला कुठेही मिळतात.

हीच गोष्ट नोकरांची. स्वतः शिकार वा गिर्यारोहण करणारा, हवा आणि वाट यांची माहिती असलेला विक्रेता हे या दुकानांचे खरे भांडवल. कर्ज काढून ताबा घेतला गेला असेल तर व्याज दरमहा द्यावेच लागते आणि पगार हा लगेच कमी करता येणारा खर्च असतो. अनुभवी माणूस गेल्याची नोंद ताळेबंदात कुठेही होत नाही.

पुरवठादारही दुरावतात

नव्या मालकाचे नाव पाहून माल पुरवणाऱ्या कंपन्याही सावध होतात. मिशिगन राज्यात १९९२ मध्ये सुरू झालेले ‘मूसजॉ’ हे गिर्यारोहण साहित्याचे दुकान ‘वॉलमार्ट’ने २०१७ मध्ये सुमारे ५.१ कोटी डॉलरना घेतले. पुढच्याच वर्षी वॉलमार्टने आपल्या संकेतस्थळावर मूसजॉच्या निवडीतील उंची मालाचे दालन उघडले. आपला माल तेथे पाहून ‘ब्लॅक डायमंड’ या नामवंत कंपनीने तत्काळ हरकत घेतली. आणखी काही कंपन्यांनीही माघार घेतली. स्वस्ताईसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी माल दिसला तर लहान विक्रेते दुरावतील, ही त्यांची भीती होती. २०२३ मध्ये मूसजॉ पुन्हा विकले गेले. ‘डिक्स स्पोर्टिंग गुड्स’ या नव्या मालकाने १४ पैकी ११ दुकाने बंद करण्याचा निर्णय घेतला.

सभासदांचे दुकानही सुटले नाही

मालकी ग्राहकांचीच असली तर असे घडणार नाही, हा समजही कॅनडात खोटा ठरला. १९७१ मध्ये व्हँकुव्हर येथील तरुण गिर्यारोहकांनी ‘माउंटन इक्विपमेंट को-ऑप’ ही सहकारी संस्था स्थापन केली. पाच डॉलर भरून कोणीही आजीव सभासद होऊ शकत असे. सभासदसंख्या पन्नास लाखांवर गेली. कर्जाच्या ओझ्यात करोनाच्या टाळेबंदीची भर पडली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संचालकांनी लॉस एंजेलिसच्या ‘किंग्सवुड कॅपिटल मॅनेजमेंट’ला संस्था विकण्याचे ठरवले. लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. मात्र, व्यवहार धनकोंपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली न्यायालयात गेला होता. त्यात सभासदांच्या मतदानाची गरजच नव्हती. न्यायालयाने विक्री मान्य केली. नावातील ‘को-ऑप’च्या जागी ‘कंपनी’ हा शब्द आला. २०२५ मध्ये ही कंपनी पुन्हा कॅनडातील गुंतवणूकदारांकडे आली. सहकारी स्वरूप मात्र परतले नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला यातला मुद्दा सहज उमगेल. कर्ज हाताबाहेर गेले की सभासदांचा हक्क कागदावरच राहतो.

नियामकांची लक्ष्मणरेषा

अशा व्यवहारांना मर्यादाही आहेत. डिसेंबर २०२० मध्ये बास प्रोच्या मूळ समूहाने ‘स्पोर्ट्समन्स वेअरहाउस’ ही आणखी एक साखळी प्रतिसमभाग १८ डॉलर दराने घेण्याचा करार केला. अमेरिकेच्या स्पर्धा नियामकाकडून मंजुरी मिळण्याची चिन्हे नसल्याने वर्षभरानंतर तो रद्द झाला आणि समूहाला साडेपाच कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. कॅबेलाजच्या वेळी मात्र नियामकाने जुलै २०१७ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. स्पर्धा कायदा ग्राहकासमोर किती दुकानांचा पर्याय उरतो, हे पाहतो. एखाद्या गावातील मुख्यालय जाईल काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. सिडनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या सौद्यात कुणाकडेच नव्हता.

दुकानाची मालकी बदलल्याची बातमी आली की ग्राहक सहसा भाव वाढतील काय, एवढेच विचारतो. खरेदीदाराने पैसा स्वतःचा घातला की कर्जाचा, माल निवडणारी माणसे कोठे बसणार आणि जुने जाणते विक्रेते राहणार काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर दुकानाचे पुढचे चित्र बरेचसे स्पष्ट होते. सिडनीच्या दुकानात आजही गळ आणि माश्या विकल्या जातात. त्या कोणत्या असाव्यात, हे ठरवणारी माणसे मात्र आता त्या गावात राहत नाहीत.