आपली फाइल आपणच लावावी

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. एका दैनिकातून फोन आला. माझे एक कथाकार मित्र त्याच दुपारी गेले होते. पलीकडची उपसंपादक मुलगी संकोचून म्हणाली, ‘‘सर, त्यांचा एखादा चांगला फोटो आणि पुस्तकांची यादी मिळेल का? दहाला पान सोडायचंय.’’

अशा वेळी त्या घरी फोन तरी कसा करायचा? तरी केला. मुलाने कपाट उपसले. हाती लागला तो कुणाच्या तरी लग्नातला फोटो, निम्म्या चेहऱ्यावर शेजारच्याचा फेटा आलेला. दुसऱ्या दिवशी सहा ओळींची बातमी आली. नऊ पुस्तकांपैकी दोघांचीच नावे, त्यातलेही एक चुकलेले. दोष त्या मुलीचा नव्हता. तिला कुणी काही दिलेच नव्हते.

मी बँकेत बरीच वर्षे कर्जाच्या टेबलावर बसलो. ‘‘साहेब, धंदा जोरात आहे,’’ असे सांगणाऱ्याला मी शांतपणे ताळेबंद मागत असे. आणि माझे स्वतःचे? परीक्षणांची कात्रणे बिस्किटाच्या डब्यात पिवळी पडलेली, पहिल्या कादंबरीची एकमेव प्रत कुणीतरी वाचायला नेलेली!

आपल्याला आड येतो तो संकोच. आपली टिमकी आपण काय वाजवायची? समर्थांनीही दासबोधात आत्मस्तुती मूर्खाच्या लक्षणांत घातली आहे. पण स्तुती वेगळी आणि नोंद वेगळी. पासबुकातल्या शिलकेला कुणी बढाई म्हणत नाही.

त्या आठवड्यात मी भाचीला घेऊन बसलो. ती याला ‘मीडिया किट’ म्हणते. मी फाइलच म्हणतो. लेखक असो, चित्रकार असो की हौशी नाट्यसंस्था, फाइलीतले कागद थोड्याफार फरकाने तेच.

आधी परिचय, तोही तीन मापांचा : निवेदकासाठी पन्नास शब्दांचा, कार्यक्रमपत्रिकेसाठी दीडशेचा आणि मुलाखत घेणाऱ्यासाठी पानभर. ‘सुप्रसिद्ध’, ‘अष्टपैलू’ ही विशेषणे काढून टाकावीत. राहतील ती नावे आणि सालेच कामाची. मग पुस्तकांची यादी : नाव, प्रकाशक, वर्ष. आपले नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये नेमके कसे लिहायचे तेही द्यावे. परीक्षणातले एखादे वाक्य घ्यायचे तर समीक्षक, वृत्तपत्र आणि तारीख यांसह घ्यावे. शेवटी फोन आणि ई-मेल.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे नाचतात. फोटो अलीकडचा, एकट्याचा आणि मूळ आकाराचा असावा. चार बाय सहा इंचांचा फोटो स्वच्छ छापायचा तर 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर त्याचा आकार घटतो. म्हणून तो ई-मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. खाली छायाचित्रकाराचे नाव विसरू नये, तोही कलावंतच.

दर सहा महिन्यांनी फाइल उघडून पाहावी आणि तळाशी तारीख टाकावी. आणि खात्याला नॉमिनी लावतो, तसा हिलाही लावावा. ती कुठे आहे, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असले पाहिजे.

माझी फाइल झाली, पण ती दुसरी. पहिली केली ती मित्राची. वहिनी आणि मुलगा शेजारी बसले होते. नऊही पुस्तके जमिनीवर मांडून आम्ही यादी लिहिली. बातमीत चुकलेल्या नावाशी वहिनींनी मला थांबवले आणि एकेक अक्षर सांगून ते पुन्हा लिहून घेतले.