पर्समधली मिरची

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीकडच्या खेड्यांतून मुली कॉलेजला जातात. परतताना फाट्यावर उतरलं की गाव अजून आत असतं. अशा वाटेवर स्वसंरक्षणासाठी बंदूक हा उपाय नव्हे. परवान्याचे हेलपाटे सोडले तरी एका चुकीने जीव जातो. म्हणूनच मिरचीच्या फवाऱ्याचा विचार गंभीरपणे व्हायला हवा.

त्यात मिरचीचा अर्क असतो. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन डोळ्यांत गेलं की शरीराला भाजल्यासारखंच वाटतं. डोळे मिटतात, खोकला सुटतो, माणूस काही मिनिटं हतबल होतो. तेवढ्यात पळायचं आणि ११२ लावायचा.

पण वारा समोरून असेल तर फवारा आपल्यावरच उलटतो. बंद जागेत तर दोषी-निर्दोष सगळेच सापडतात. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयकावेळी खासदार एल. राजगोपाल यांनी लोकसभेत तो फवारला, तेव्हा काही खासदारांना रुग्णालयात न्यावं लागलं.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याबद्दलच आहेत. मात्र बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. बाचाबाचीत राग काढायला फवारा वापरला तर गुन्हा होऊ शकतो. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात त्याला धोकादायक हत्यार मानलं.

फवाऱ्याऐवजी विजेचा झटका देणारी उपकरणं घ्यायची, तर ती २०१६ च्या शस्त्र नियमांत येतात. ती ऑनलाइन मागवण्याआधी पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी करावी. फवारा घेतला तर डबीवरची मुदत बघावी, आणि डबी दप्तराच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी.