पहिली बंदूक घेण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या बहिणीचा मुलगा आपल्या तीन मित्रांना घेऊन घरी आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग त्याने हळूच मोबाइल आमच्यापुढे धरला. पडद्यावर एकापेक्षा एक काळ्याकुळकुळीत बंदुका! "मामाजी, यातली कोणती घ्याव?" असे त्याने विचारले तेव्हा आमच्या हातातली बशी हलली.

"खरी नाही जी," दुसरा घाईने म्हणाला. "प्लास्टिकच्या गोळ्या उडवते. एअरसॉफ्ट म्हणते त्याले. दोन पार्ट्या करायच्या अन् खेळायचं." चौघांनी सुटीत कामे करून सहा हजार रुपये जमवले होते. खेळणार कुठे, असे आम्ही विचारले. उत्तर आले, "गावामागच्या झुडपी जंगलात."

आम्ही कारकून माणूस. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही नोकरीने लावलेली सवय. तेव्हा आम्ही होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आठ दिवस मागून घेतले. जाणकारांना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते आमच्या भाच्यापुरते ठेवण्यासारखे नाही. आज घरोघरी मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये अशा बंदुका आहेत. म्हणून हा प्रपंच.

हा खेळ आहे तरी काय?

एअरसॉफ्टचा जन्म 1970 च्या दशकात जपानमध्ये झाला. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य. म्हणून हुबेहूब दिसणारी, पण 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी उडवणारी बंदूक निघाली. गोळीचे वजन साधारण 0.20 ग्रॅम. दोन गट एकमेकांवर नेम धरतात. ज्याला गोळी लागली त्याने हात वर करून स्वतःहून बाहेर व्हायचे. पंच नसला तरी खेळ चालतो, कारण तो खेळाडूच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. ही गोष्ट आम्हाला मनापासून आवडली.

बंदुकांचे तीन प्रकार. स्प्रिंगची बंदूक दर वेळी हाताने ओढावी लागते. ती स्वस्त आणि साधी. दुसरी गॅसची. तिसरी बॅटरीवर चालणारी. ती महाग आणि तिची देखभालही जास्त. जपानमध्ये या बंदुकीच्या जोराला कायद्याने मर्यादा आहे आणि ती एक ज्यूलपेक्षाही थोडी कमी आहे. ज्यूल म्हणजे गोळीचा जोर मोजायचे माप. एवढ्या जोराने अंगावर लाल वळ उठतो. पण डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून या खेळात पहिली खरेदी बंदुकीची नसतेच, डोळे चहूबाजूंनी बंद करणाऱ्या मजबूत चष्म्याची असते. त्यानंतर तोंडावरचा मुखवटा. बंदूक पहिल्या चार-सहा वेळा मैदानवाल्याकडून भाड्याने घ्यावी. खेळ मनात भरला तरच विकतचा विचार करावा, आणि तोही स्प्रिंगच्या बंदुकीपासून. जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा भरू नये. मातीचा कण नळीत अडकला तर बंदूक बिघडते. आणि चष्मा उतरवायचा तो मैदानाबाहेर आल्यावरच. खेळ संपला असे वाटले तरी मैदानात नाही.

जी चूक जिवावर बेतेल

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडच्या दुकानात सहज मिळते ती एअरसॉफ्टची बंदूक नव्हे, ती छऱ्याची एअरगन. मार्कंड्याच्या जत्रेत फुगे फोडायला असते ती त्याच जातीची. दिसायला दोन्ही सारख्या, पण गोळीत जमीन-अस्मानाचा फरक. छर्रा शिशाचा, 0.177 इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर जाडीचा, वजनाने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नेमबाजीच्या स्पर्धेतली एअर रायफलसुद्धा सात-आठ ज्यूल जोराने छर्रा फेकते, म्हणजे एअरसॉफ्टच्या सात-आठ पट. बाजारातल्या काही एअरगन त्याहूनही जोरकस. जवळून लागलेला छर्रा कातडी फोडून आत शिरतो. त्याने माणसे मेलेली आहेत.

एअरसॉफ्ट परवडली नाही म्हणून पोरांनी एअरगन घेतली आणि तीच पार्टीपार्टीच्या खेळात वापरली, तर काय होईल? पालकांनी घरातल्या मुलांना एवढे एक वाक्य तरी पाठ करायला लावावे: एअरगन माणसावर कधीही रोखायची नाही, भरलेली नसली तरी नाही, गमतीनेही नाही.

आपल्या जंगलात का नको?

पहिले कारण वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याच्या आत जेवढी काळजी घ्यावी लागते तेवढीच ताडोब्याच्या बाहेरही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांतल्या आयाबहिणींना हे वेगळे सांगायला नको. मोहफुले वेचताना, तेंदूची पाने तोडताना, सरपण गोळा करताना वाकलेल्या, बसलेल्या माणसावर वाघाने झेप घेतल्याच्या घटना आपण ऐकत आलो आहोत. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आणि एअरसॉफ्टचा सगळा खेळ काय? मळकट हिरवे कपडे घालायचे, झुडपाआड उकिडवे बसायचे, आवाज न करता सरपटायचे! पोटासाठी जंगलात जावे लागते तेव्हा आपण चौघे मिळून, बोलत-खोकत जातो. मग खेळासाठी चोरपावलांनी जाण्यात कसले शहाणपण?

दुसरे कारण कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र या शब्दाचा अर्थ मोठा आहे. ज्या साधनाने प्राण्याला इजा होऊ शकते ते शस्त्र. परवानगीशिवाय ते राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात नेणे हा गुन्हा. ताडोबा असो, चपराळा असो की भामरागड, "आम्ही तर फुगे फोडत होतो" ही सबब चालणार नाही. बंदूक हाती आली की एखादे पोर पाखरावर नेम धरून बघतेच. हरियल आपला राज्यपक्षी, मोर राष्ट्रीय पक्षी. पोराच्या एका छऱ्यापायी बापाला कोर्टाची पायरी चढावी लागेल. अरुणाचल प्रदेशात तर 2021 साली एअरगन जमा करण्याची मोहीमच सुरू झाली आणि पाखरे वाचावीत म्हणून लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या.

तिसरे कारण आपल्या मातीतले. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून या जिल्ह्याने बंदुकीशिवाय दिवस पाहिला नाही. पोलिसांच्या कुटुंबांनी भोगले, दोन्हीकडच्या संशयात सापडलेल्या गरीब आदिवासींनी भोगले. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षली नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. दुर्गम गावांतल्या लोकांनी घरातल्या भरमार बंदुकाही पोलिसांकडे जमा केल्या आहेत. जिथे खऱ्या बंदुका खाली ठेवल्या जात आहेत तिथे खऱ्यासारखी दिसणारी खोटी बंदूक घेऊन झाडीतून निघालेले पोर दुरून कसे दिसेल? पहाऱ्यावरच्या जवानाला ती प्लास्टिकची आहे हे कळायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्याच्याजवळ असेल का?

ही नुसती भीती नव्हे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात 22 नोव्हेंबर 2014 रोजी टामिर राइस हा 12 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. खेळण्याची खूण म्हणून नळीच्या टोकाला असणारा केशरी रंग त्या पिस्तुलावर उरलेला नव्हता. पोलिसांची गाडी आली, आणि थांबताच दोन सेकंदांच्या आत पोराला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. ज्यांच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते त्यांच्या लेकरांना चूक करायला दोन सेकंदही मिळत नाहीत, हे आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको. तेव्हा ज्या कुणाला एअरसॉफ्ट खेळायचेच आहे त्याने रीतसर चालवलेल्या बंदिस्त मैदानावरच खेळावे, बंदूक पिशवीत झाकून न्यावी आणि परदेशातून पार्सलने मागवण्याच्या फंदात पडू नये. 2016 च्या शस्त्र नियमांनी बंदुकीच्या प्रतिकृतीचीही दखल घेतली आहे.

मग नेमाची हौस कुठे पुरवायची?

नेमाची हौस वाईट नाही. तिला वाट हवी. ती वाट म्हणजे दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल नेमबाजी. समोर माणूस नाही, कागद. रायफलच्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! तो टिपायला दंडाचा जोर नको, श्वास आणि मन ताब्यात हवे.

20 ज्यूलपर्यंतच्या जोराच्या आणि 0.177 इंचापर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. तरीही ती नोंदणीकृत दुकानातूनच घ्यावी, मोठ्या माणसाने आपले ओळखपत्र दाखवून घ्यावी, आणि पावती जपून ठेवावी. पावती हरवलेल्या माणसाचे काय हाल होतात ते आम्ही टेबलामागे बसून रोज पाहतो.

आता खर्चाचा हिशेब. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल लाख-दीड लाखाच्या पुढे जाते. ते आकडे ऐकून घाबरू नये आणि कर्जही काढू नये. शिकाऊ मुलांसाठी आपल्या देशात साध्या माशीच्या म्हणजे ओपन साइट रायफलच्या वेगळ्या स्पर्धा होतात. भारतीय बनावटीची स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते. पण आमचा सल्ला असा की पहिले सहा महिने तीही घेऊ नये. आधी प्रशिक्षक, मग क्लबची रायफल, मग स्वतःची. घेताना चार गोष्टी पाहाव्यात: वजन मुलाच्या खांद्याला पेलते का, दस्ता गालाला नीट लागतो का, चाप झटका न देता सुटतो का, आणि दुरुस्ती कुठे होते. दुर्बीण लावलेली, भडक दिसणारी, सर्वांत जोरकस असे दुकानदार सांगेल ती नको. दहा मीटरच्या कागदाला जोर लागत नाही, स्थिरता लागते.

सोबत हवे ते असे: डोळ्यांचा चष्मा, चपट्या तोंडाचे छर्रे, कागदी टार्गेट आणि छर्रे अडवणारी पेटी. जाड जाकीट, विशेष बूट हे सगळे नंतर. छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये आणि धाकट्या लेकरांच्या हाती ते लागू देऊ नयेत. स्प्रिंगची रायफल छऱ्याविना उडवू नये, ती खराब होते. घरात रायफल रिकामी, कुलपात आणि छर्रे वेगळ्या जागी.

आणि हे श्रीमंतांचेच खेळ, असे कुणी म्हणू नये. अंजली भागवत यांची नेमबाजी एन.सी.सी.त सुरू झाली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये त्याने कांस्यपदक घेतले. शाळा-कॉलेजातली एन.सी.सी., क्रीडा प्रबोधिनी आणि जिल्हा क्रीडा कार्यालय, ही तीन दारे ठोठावायला पैसे लागत नाहीत. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, त्याचीही तिथेच चौकशी करावी.

पोरांचे काय झाले?

आठ दिवसांनी चौघे आले. आम्ही हे सगळे त्यांच्यापुढे मांडले. तोंडे पडली. भाचा म्हणाला, "म्हणजे नाहीच का जी?" आम्ही म्हटले, "नाही नव्हे, आधी हात स्थिर करा." पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हात लांब करून किती वेळ न हलता धरता येते, ते पाहायला सांगितले. वीस-तीस सेकंदांत एकेकाचा हात थरथरू लागला. दारात उभी राहून पाहणारी आमची भाची पुढे आली आणि तिने बाटली उचलली. आम्ही घड्याळ पाहत राहिलो. पुरे एक मिनिट झाले तरी तिचा हात जागचा हलला नव्हता.

बाटली खाली ठेवून ती म्हणाली, "मामाजी, बंदूक घ्यायचं ठरवताना मले कोणी विचारलंच नाही."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते सहा हजार रुपये आता पोस्टात आहेत. भाचीने कॉलेजात एन.सी.सी.साठी नाव दिले आहे, आणि सकाळी ओट्यावर पाच जण हात लांब करून उभे असतात. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातले पोर मोबाइल पुढे करून बंदूक मागेल तेव्हा त्याच्यावर ओरडू नका. त्याला बसवा, ऐका, कागद वाचा. आणि बाजूला उभ्या असलेल्या मुलीलाही विचारा.