आईवडिलांच्या संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड

परगांवीं नोकरीस असलेल्या मुलांनीं सणावारीं घरीं जातांना आईवडिलांसाठीं एकादी उपयोगी वस्तु न्यावी, ही रीत जुनीच आहे. पूर्वीं ती वस्तु भिंतीवरचें घड्याळ असे, मागाहून रेडिओ आला, त्यानंतर दूरचित्रवाणीचा संच. आतां संगणकाची पाळी आली आहे. परंतु घड्याळ घेतांना त्याच्या पोटांतील चाकें कोणी मोजीत नसे. संगणकाचें तसें नाहीं. दुकानांत पाऊल ठेवतांच प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड अशा नांवांचा मारा सुरू होतो, आणि "कार्ड कोणतें टाकूं?" हा प्रश्न इतक्या सहजपणें पुढें येतो कीं, कार्ड मुळांत हवें कीं नको, हा त्याच्या आधींचा प्रश्न विचारण्यास अवसरच मिळत नाहीं. खरा विचार या आधींच्या प्रश्नाचाच करावयाचा आहे.

यंत्र कोणासाठीं व कोठें चालावयाचें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. उदाहरणादाखल अहिल्यानगर जिल्ह्यांतील सोनई हें गांव घ्यावें. ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली त्या नेवाशाच्या तालुक्यांतील हें गांव. शनिशिंगणापूर येथून जवळच, आणि मुळा सहकारी साखर कारखान्यामुळें भोंवतालीं उसाचा राबता. अशा गांवीं निवृत्त शिक्षकाच्या किंवा बागाईतदाराच्या घरीं संगणकाकडून कोणतीं कामें अपेक्षित असतात? वर्तमानपत्र वाचणें, बँकेंत उसाचें बिल जमा झालें कीं नाहीं तें पाहणें, सातबाऱ्याचा उतारा काढणें, कीर्तन-प्रवचन ऐकणें, लग्नाचे फोटो पाहणें, आणि सर्वांत मोलाचें म्हणजे पुण्यास किंवा परदेशीं असलेल्या नातवंडांशीं समोरासमोर बोलणें. यांतील शेवटचें काम जर वारंवार अडूं लागलें, तर त्या यंत्रावर लवकरच भरतकामाचें आच्छादन चढतें आणि तें कायमचेंच राहतें. म्हणून निवड चुकली तर केवळ पैसाच वायां जात नाहीं. म्हाताऱ्या माणसांचा यंत्रावरचा विश्वासहि उडतो.

आतां ग्राफिक्स कार्ड करतें काय, तें पाहूं जातां गोष्ट फारशी गूढ नाहीं. पडद्यावरचें चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. आजच्या सामान्य मॉनिटरवर आडव्या रांगेंत १९२० आणि उभ्या रांगेंत १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. ही सारी रांगोळी सेकंदाला ६० वेळां नव्यानें मांडावी लागते, म्हणजे दर सेकंदास १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग पडद्याकडे धाडावे लागतात. आंकडा भयंकर वाटतो. पण एक पुरें चित्र सांठवण्यास सुमारें ८ मेगाबाइट एवढीच जागा लागते. दोन गिगाबाइटांचें लहानसें कार्ड घेतलें तरी त्यांत अशीं अडीचशेंहून अधिक चित्रें मावतील. तेव्हां "स्मृति जितकी जास्त तितकें कार्ड चांगलें", हें दुकानांतील गणित घरगुती संगणकास लागू पडत नाहीं.

मोठ्या कार्डाचें सामर्थ्य निराळ्याच कामांत आहे. खेळांतील नगरें, धांवत्या गाड्या, पाण्यावरची झळाळी यांत प्रत्येक ठिपक्याचा रंग हिशेब करून ठरवावा लागतो, आणि हा सारखाच हिशेब लाखों ठिपक्यांसाठीं एकाच वेळीं करावा लागतो. प्रोसेसर हा एकटा पण हुषार मुकादम. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शेंकडों कोयत्यांची ऊसतोड टोळी. मोठा फड तोडावयाचा असेल तर टोळीवांचून गत्यंतर नाहीं. पण घरांतल्या पोरांना खावयास दोन ऊस हवे असतील, तर त्यासाठीं कोणी टोळी बोलावीत नाहीं. अक्षरें वाचणें, फोटो पाहणें, मुलांशीं बोलणें हीं सारीं दोन उसांचीं कामें आहेत.

"पण पूर्वीं तर प्रत्येक संगणकांत निराळें कार्ड असे," अशी शंका येईल, आणि ती यथार्थच आहे. एके काळीं पडद्यावर कांहींहि दाखविण्यासाठीं निराळें कार्ड बसवावें लागे. इतकेंच नव्हे, तर मराठी अक्षर उमटविण्यासाठींहि वेगळें कार्ड मिळत असे! कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें ज्याचा पाया घातला गेला आणि १९८८ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें जें पुढें वाढविलें, त्या 'जिस्ट' तंत्राचें कार्ड संगणकांत बसविलें म्हणजे पडद्यावर देवनागरी अवतरत असे. पुढें १९९१ च्या युनिकोड संकेतांत देवनागरीस स्थान मिळालें, विंडोज २००० या प्रणालींत तिची सोय अंगभूतच आली, आणि तें कार्ड इतिहासजमा झालें. चित्रांच्या कार्डाचेंहि पुष्कळसें असेंच घडलें. २०१० च्या आरंभीं इंटेल कंपनीनें प्रोसेसरच्याच आवरणांत चित्रें काढणारा भाग घातला; २०११ मध्यें तो प्रोसेसरच्याच चकतींत सामावला गेला, आणि ए. एम. डी. कंपनीनेंहि त्याच वर्षीं तसे प्रोसेसर आणले. तेव्हांपासून सामान्य गृहस्थाच्या गरजेचें ग्राफिक्स हें प्रोसेसरबरोबर आपोआप घरांत येतें.

या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृति नसते. तें संगणकाची रॅमच वापरतें. म्हणून कार्डाचे पैसे वांचवून त्यांतला कांहीं भाग रॅमकडे वळवावा. त्यांतहि १६ गिगाबाइटांची एकच पट्टी घेण्यापेक्षां ८ गिगाबाइटांच्या दोन पट्ट्या घ्याव्या. दोन दारांनीं माल वाहिल्याप्रमाणें चित्रांचें काम त्यानें हलकें होतें. जुन्या फिरत्या डिस्कऐवजीं एस. एस. डी. असावी, संगणक चटकन् सुरू होण्याचें खरें श्रेय तिलाच आहे. आणि उरलेला पैसा मॉनिटरवर खर्चावा, कारण साठी उलटलेल्या डोळ्यांना कार्ड दिसत नाहीं, अक्षर दिसतें. चोवीस किंवा सत्तावीस इंचांचा पडदा घेऊन त्यावरील अक्षरांचें माप सव्वा ते दीडपट केलें, तर चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावण्याची पाळी येत नाहीं. नातवाचा चेहरा अस्पष्ट दिसतो ही तक्रारहि बहुधा कार्डाची नसते. इंटरनेटची गति, कॅमेऱ्याची भिंग आणि खोलींतील उजेड यांची ती असते. खिडकी पाठीमागें न ठेवतां समोर घेतली, एवढ्यानेंच कित्येकदां चेहरे उजळतात.

गांवच्या परिस्थितीचाहि विचार कार्डाच्या विरुद्धच जातो. चैत्र-वैशाखांत या जिल्ह्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि उसाच्या गाड्यांची वाहतूक सुरू झाली म्हणजे रस्त्याची धूळ घरांत येते. कार्डावरचा लहानसा पंखा ही धूळ ओढून घेतो, जाम होतो, आणि मग कार्ड तापूं लागतें. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून यूपीएस ठेवणें अवश्यच. पण भार जितका अधिक तितकी त्याची बॅटरी लवकर संपते. एकादें कार्ड ५० वॉट जादा ओढीत असेल आणि संगणक रोज पांच तास चालत असेल, तर महिन्याकांठीं साडेसात युनिटें वाढतात. शिवाय पेटींत जितके भाग अधिक तितकीं बिघाडाचीं निमित्तें अधिक. आणि ती जड पेटी एस. टी. च्या गाडींतून अहिल्यानगरला दुरुस्तीस नेण्याचें काम अखेर वडिलांच्याच वांट्यास येतें.

तथापि कार्ड कधींच नको, असें म्हणणें हाहि एकांतिकपणा होईल. पहिला प्रसंग, प्रोसेसरमध्यें ग्राफिक्सच नसण्याचा. इंटेलच्या ज्या घरगुती प्रोसेसरच्या नांवाशेवटीं 'एफ' हें अक्षर असतें, त्यांत हा भाग नसतो. ए. एम. डी. च्या रायझेन ५००० मालिकेंत याच्या उलट, नांवांतील आंकड्यानंतर 'जी' असेल तरच तो असतो. ७००० मालिकेपासून बहुतेक प्रोसेसरांत तो थोड्याफार प्रमाणांत आहे, पण 'एफ' असलेल्यांत नाहीं. स्वस्त म्हणून 'एफ'चा प्रोसेसर घ्यावा आणि मग नाइलाजानें कार्ड घ्यावें, ही म्हणजे चार आणे वांचवून रुपया गमावण्याची युक्ति होय. पैसे देण्यापूर्वीं पावतीवरील हें एक अक्षर अवश्य वाचावें. दुसरा प्रसंग, घरांतला जुना संगणक नव्या तऱ्हेचे व्हिडिओ अडखळत दाखवीत असेल तेव्हांचा. व्हिडिओ आटोपशीर बांधून पाठविण्याच्या पद्धति बदलत जातात. नवी गांठ सोडविण्याचें साधन यंत्रांत नसलें म्हणजे सारा बोजा प्रोसेसरवर पडतो. पण येथेंहि तारतम्य हवें. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमींच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधींचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादींत नाहींत. अशा यंत्रांत नवें कार्ड घालणें म्हणजे पडक्या वाड्याला सागवानी दरवाजा बसविणें होय. तिसरा प्रसंग खऱ्या कामाचा: वडील कीर्तनांचें चित्रण करून त्याचें संपादन करीत असतील, तर कार्ड त्यांचे तास वांचवील. नातू दिवाळींत येऊन खेळेल, हें कारण मात्र वर्षांतल्या पंधरा दिवसांसाठीं उरलेल्या साडेअकरा महिन्यांना वेठीस धरतें.

कार्ड घ्यावयाचेंच ठरलें, तर पांच गोष्टी पाहाव्या. त्याला विजेची निराळी जोडणी लागूं नये. मदरबोर्डाच्या खांचेंतून मिळणाऱ्या ७५ वॉटांत त्याचें भागावें. पेटी अरुंद असेल तर कार्डहि आंखूड उंचीचें असावें. शक्य तर तें बिनपंख्याचें असावें. त्यावरचीं भोकें मॉनिटरच्या तारेशीं जुळणारीं असावींत. आणि पांचवी, बहुधा विसरली जाणारी गोष्ट: कंपनी त्या कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे तें चालविणारी आज्ञावली, अद्याप देत असावी. एनव्हिडियाचें जी. टी. ७१० हें स्वस्त कार्ड पुष्कळांच्या परिचयाचें. पण तें ज्या केप्लर घराण्याचें, त्याचे नेहमींचे ड्रायव्हर २०२१ मध्यें बंद झाले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याहि २०२४ मध्यें संपल्या. २०१७ चें जी. टी. १०३० हें अवघ्या ३० वॉटांचें व गुणी कार्ड खरें. परंतु त्याच्याहि घराण्याचे नेहमींचे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरांत थांबले. शिवाय याच नांवानें २०१८ मध्यें मंद स्मृतीचें दुसरें कार्ड निघालें. म्हणून खोक्यावर 'जी. डी. डी. आर. ५' कीं 'डी. डी. आर. ४' हें पाहिल्याविना घेऊं नये. २०२२ चें ए. एम. डी. चें आर. एक्स. ६४०० हें ५३ वॉटांत भागवितें, पण 'ए. व्ही. १' या नव्या पद्धतीचे व्हिडिओ तें स्वतः उलगडत नाहीं. इंटेलचें आर्क ए ३१० तें करतें, मात्र जुन्या मदरबोर्डावर त्याचा वेग खुंटतो. सर्वगुणसंपन्न स्थळ जसें मिळत नाहीं, तसेंच कार्डाचें आहे. उणीव कोणती चालेल, तें घर पाहून ठरवावें.

कार्ड बसविल्यावर एक बारीकशी अडचण हटकून उद्भवते. पेटीच्या पाठीमागें मॉनिटरची तार लावण्याच्या जागा आतां दोन होतात: एक मूळची, दुसरी कार्डावरची. केर काढतांना निसटलेली तार चुकीच्या जागीं लागली म्हणजे पडदा काळा होतो, आणि "संगणक बिघडला" असा निरोप पुण्यास जातो. नको असलेल्या जागेवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवली आणि योग्य जागेपाशीं ठळक खूण केली, तर हा निरोप टळतो.

एकूण पाहतां, आईवडिलांसाठीं संगणक निवडणाऱ्यानें यंत्राच्या सामर्थ्याची यादी करण्याआधीं त्यांच्या दिवसाची यादी करावी. तीत फडाचें काम नसेल, तर टोळीहि नको. अंगभूत ग्राफिक्सचा चालू पिढीचा प्रोसेसर, दोन पट्ट्यांची रॅम, एस. एस. डी., मोठा पडदा आणि भरंवशाचा यूपीएस एवढ्या सामग्रीवर सोनईसारख्या गांवचें घर अनेक वर्षें निर्वेधपणें चालेल. आणि वांचलेल्या पैशांतून गांवीं जाण्याची एक खेप अधिक झाली, तर कोणत्याहि कार्डानें दिसणार नाहीं इतका स्पष्ट चेहरा आईवडिलांना प्रत्यक्ष दिसेल.